टिपायला कागद, पुसायला फडकं

भाचीने वाकडला भाड्याने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच शनिवारी सुपरमार्केटमधून मला फोन लावला. "मावशी, इथे कागदाचीच अख्खी भिंत आहे गं. टू-प्लाय, थ्री-प्लाय, जंबो, बांबू, ओले, कोरडे... मला नुसता ओटा पुसायचाय." मी म्हटलं, आज काही घेऊ नकोस, घरी जा आणि आईने दिलेला जुना पंचा फाड. ती जरा हिरमुसली. आठवड्याने तिने एक रोल घेतलाच, पण तो महिनाभर पुरला. तिच्याच ऑफिसातली मैत्रीण तेवढ्यात चार संपवते.

पहिल्यांदाच स्वतःचं घर लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. घरात बाई येत नाही, फडकी धुवायला वेळ नाही, म्हणून कागदाकडे हात जातो. जाऊ दे, त्यात वाईट काही नाही. फक्त कुठला कागद कशाला, हे कळलं पाहिजे.

आधी आठवडाभर रेघा मारा

फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी लावा. ‘आत्ता कागद हवा होता’ असं वाटलं की एक रेघ मारायची आणि पुढे कारण लिहायचं. भाचीच्या चिठ्ठीवर आठवड्यात तेवीस रेघा झाल्या. त्यातल्या चौदा होत्या ओट्यावर सांडलेलं पाणी, टेबलावरचा चहा, फ्रिजचं दार, धूळ. ही सगळी फडक्याची कामं. उरलेल्या नऊ मात्र खऱ्या: ऑम्लेट करताना फुटलेलं अंडं, चिकनच्या पिशवीतून गळलेलं पाणी, कढईच्या तळातलं तेल, मेलेलं झुरळ, मांजराची उलटी.

आपल्याकडे टिपणं आणि पुसणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत ती उगाच नाहीत. शाळेत वहीवर शाई सांडली की टीपकागद वर ठेवून दाबायचा. घासलात की पान गेलं. कागद टिपतो चांगला, पुसतो वाईट. घासलं की तो फाटतो, त्याचा बोळा होतो आणि मागे पांढरा भुसा राहतो. फडकं बरोबर उलटं: पुसतं छान, पण जे टिपलं ते पोटात धरून बसतं. म्हणून जो घाण पदार्थ फडक्यात शिरला तर फडकंच धुवायचं जिवावर येईल, तिथे कागद. कच्च्या चिकनचं पाणी ओट्याच्या फडक्याने पुसलंत, तर त्यातले जंतू त्याच फडक्यावर बसून दिवसभर ओटाभर फिरतात. बाकी सगळीकडे फडकं. एवढी वाटणी मनाशी झाली की खरेदी निम्म्यावर येते.

‘टिश्यू द्या’ म्हणू नका

दुकानात जाऊन टिश्यू मागितलात तर वडापावच्या गाडीवर मिळतात ते चौकोनी नॅपकिन हातात पडतील. आपण सगळ्यालाच टिश्यू म्हणतो, पण दिसायला सारखे हे कागद वागायला अगदी वेगळे असतात.

पेपर नॅपकिन हा ओठ आणि बोटं पुसायचा कागद. बहुतेक एकेरी, पातळ, ओला झाला की लगदा. सफाईसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. डब्यातला फेशियल टिश्यू मऊ असतो, तो नाकासाठी. टॉयलेट रोल मुद्दामच असा करतात की पाण्यात त्याचे तुकडे व्हावेत. किचन रोल याच्या नेमका विरुद्ध, ओला झाला तरी अंगाने टिकणारा. ऑफिसच्या बाथरूममध्ये घडी घातलेले जाड कागद असतात ना, एम-फोल्ड किंवा सी-फोल्ड, ते हात पुसायचे. घाऊक घेतले तर परवडतात आणि काच टिपायला बरे, पण तेल नीट पीत नाहीत.

ओले वाइप्स कागदाच्या शेजारी मांडलेले असतात म्हणून लोक त्यांना कागद समजतात. त्यातले पुष्कळसे कागद नसतातच. पॉलिस्टर आणि व्हिस्कोजचे धागे पाण्याच्या फवाऱ्याने गुंतवून केलेलं ते न विणलेलं कापड असतं. ‘धुऊन पुन्हा वापरा’ असं लिहिलेला बांबूचा रोलही बहुधा त्याच घराण्यातला. तो वाईट नाही, पण घरात जुना सुती कपडा असताना विकत आणायची गरज मला तरी वाटत नाही.

आता हा फरक येतो कुठून? कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, कोरडे असताना एकमेकांना घट्ट धरून बसलेले. पाणी मध्ये शिरलं की ती पकड सुटते. किचन रोलच्या लगद्यात कारखान्यातच एक राळ मिसळतात, तिच्यामुळे ओलेपणीही तंतूंची पकड राहते. टॉयलेट पेपरमध्ये ती घालत नाहीत. विश्वास बसत नसेल तर दोन रिकाम्या बरण्या घ्या. दोन्हींत अर्धी बरणी पाणी, एकीत टॉयलेट रोलचा तुकडा, दुसरीत किचन रोलचा. झाकणं लावून अर्धा मिनिट हलवा. पहिल्या बरणीत ताकासारखं गढूळ पाणी होईल. दुसरीत तुकडा तसाच तरंगत राहील, बाहेर काढून पिळता येईल इतका धड.

हा प्रयोग मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये करून दाखवला होता, कारण चेंबर तिसऱ्यांदा तुंबलं होतं. प्लंबरने रॉड घालून जे बाहेर ओढलं त्यात वाइप्स होते, किचन पेपर होते आणि वर साबणासारखी गोठलेली चरबी. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच गोळा सापडला होता, वाइप्स आणि चरबीचा, २५० मीटर लांब आणि १३० टनांचा. आपलं चेंबर त्या मानाने पोरकट. पण वर्गणी काढताना तेही पोरकट वाटत नाही. तर कमोडमध्ये फक्त टॉयलेट पेपर. गावाकडे शोषखड्डा असेल तर तोही बेताने.

पाकीट वाचायचं कसं

प्लाय म्हणजे थर. दोन थरांमध्ये हवेची पोकळी राहते आणि पाणी तिथेच जाऊन बसतं, म्हणून दुहेरी कागद तेवढ्याच वजनाच्या एकेरी कागदापेक्षा जास्त पितो. समईच्या वातीत तेल आपसूक वर चढतं, तोच हा प्रकार: बारीक फटींतून द्रव ओढला जाणं, पुस्तकी भाषेत केशाकर्षण. कागदावर उठवलेली ठिपक्यांची किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी शोभेची नसते, तीही पोकळ्या वाढवायलाच असते. घरच्या सफाईला दोन थर पुरतात. तीन-चार थरांचे पैसे द्यायला मला कारण सापडलेलं नाही.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पाकिटावर तो असेलच असं नाही, पण काढता येतो. खरी फसगत शीटच्या आकड्यात होते. समजा, एकाच किमतीला दोन रोल आहेत. पहिल्यात ६० शीट, प्रत्येक २२ बाय २० सेंटीमीटर. दुसऱ्यात ७० शीट, १८ बाय २० सेंटीमीटर. सत्तर जास्त दिसतात. गुणाकार केलात तर पहिला २.६४ चौरस मीटर भरतो आणि दुसरा २.५२. आता वजन बघा. आतली पुठ्ठ्याची नळी वगळून पहिला १०५ ग्रॅम आणि दुसरा ८० ग्रॅम असेल, तर पहिल्याचा जीएसएम चाळिसाच्या घरात आणि दुसऱ्याचा जेमतेम बत्तीस. म्हणजे शीटने जास्त असलेला रोल कागदाने कमी निघाला. सुपरमार्केटमध्ये भाजीचा काटा असतोच. मी रोल त्यावर ठेवते, लोक बघतात, बघू देत.

डब्यातल्या टिश्यूमध्ये आणखी एक गंमत असते. ‘२०० शीट’ असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात ‘१०० पुल्स बाय २ प्लाय’. हाताला येणार शंभरच. एकक विक्री किंमत, म्हणजे एका मापामागे पडणारा भाव, छापलेली असते, पण ती ‘प्रति नग’ असेल आणि नग म्हणजे अख्खा रोल असेल तर तिचा काही उपयोग नाही. तेव्हा चौरस मीटरच काढा.

‘इको’, ‘नॅचरल’, हिरवं पान या शब्द-चित्रांकडे फार लक्ष देऊ नका. त्यापेक्षा कागद कशाचा आहे ते शोधा: नवा लाकडाचा लगदा, बांबू, उसाचं चिपाड की रद्दीतून पुन्हा केलेला. ओटा आणि सिंकसाठी रद्दीचा तपकिरी कागद उत्तम, पांढरा शुभ्र असण्याची गरजच काय? अन्नाला लागणार असेल तर मात्र नवा लगदा, बिनवासाचा, बिनछपाईचा आणि ‘फूड ग्रेड’ लिहिलेला घ्या. वासाचा कागद स्वयंपाकघरात नकोच. एकदा मी गुलाबाचा वास असलेला आणला होता, तर घावन गुलाबाचे झाले.

एकच रोल आणा आणि त्याची परीक्षा घ्या

सहाचा पॅक स्वस्त दिसतो, पण पहिल्यांदा एकच. घरी आणून तीन गोष्टी करा.

काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चहाच्या चमच्याने दोन चमचे पाणी सांडा. एक शीट वर ठेवा, दाबू नका, मनात पाचपर्यंत मोजा आणि एका कोपऱ्याला धरून उचला. चांगला कागद सगळं पाणी घेऊन अखंड वर येतो, थेंब गळत नाही. हलका कागद कोपऱ्यावरच फाटतो. आता तीच ओली शीट मुठीत पिळून उलगडून बघा. उलगडली तर रोल कामाचा. मग एका कोरड्या शीटने तोच ओटा दहा वेळा घासा. काळ्या दगडावर पांढरा भुसा किती पडला ते लगेच दिसतं. भुसा पडणारा कागद काच आणि मासे, दोन्हींसाठी बाद.

मासे म्हटलं म्हणून सांगते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बोंबील तळायचे तर आधी त्यांचं पाणी काढावं लागतं. आजी फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायची, आणि मग ते फडकं धुणं हा एक वेगळा कार्यक्रम असायचा. मी कागद वापरते. ताटात दोन शीट, वर चिरून उघडलेले बोंबील, वर पुन्हा दोन शीट, त्यावर दुसरं ताट आणि त्यात पाण्याने भरलेलं पातेलं. अर्ध्या तासात खालचा कागद पूर्ण भिजलेला असतो. एकदा किचन रोल संपला होता म्हणून घरातले नॅपकिन लावले. वजन काढलं तर कागद बोंबलाला असा चिकटलेला की सोलता सोलेना. नखाने एकेक कपटा काढत बसले, शेवटी तसेच रव्यात घोळवले. मुलगा म्हणाला, आज कुरकुरीत झालेत. मी गप्प.

जमलं तर चौथी परीक्षाही घ्या. नोटा तपासायचा जांभळा दिवा कोणाकडे असेल तर त्याखाली कागद धरा. निळसर झगमगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे. फरशीसाठी चालेल, भजी निथळायला मी वापरणार नाही.

भजी आणि वर्तमानपत्र ही आपली जुनी जोडी, पण ती आता तोडा. छपाईच्या शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदीच घातली आहे. वर्तमानपत्राची खरी जागा खिडकीच्या काचेवर. तो साधारण ४५ जीएसएमचा करकरीत कागद असतो, भुसा सोडत नाही. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काचेवर फवारा मारा, कागद चुरगळून गोल गोल फिरवा. हात काळे होतात आणि पांढऱ्या रंगाच्या चौकटीवर शाईचे डाग पडतात, तेवढी काळजी घ्या. रद्दीवाल्याला सगळी देऊन टाकू नका, एक गठ्ठा ठेवा.

कुठे कसा वापरायचा

तेलापासून सुरुवात करू, कारण कागदाचे पैसे इथे वसूल होतात. दिवाळीत चकल्या-शंकरपाळे झाले की कढई थेट सिंकमध्ये घालू नका. तेल गाळून घ्या, कढई कोमट असताना (गरम नाही) एक शीट चिमट्यात धरून तळापासून काठाकडे फिरवा. तेलकट कागद बाजूला ठेवा आणि मग साबण. साबण निम्मा लागतो आणि पाइपमध्ये चरबी जात नाही. समई-निरांजनं घासण्याआधीही हेच करा. तेल राहिलेल्या पितळेवर पावडर नुसती लोळते.

तेलाची बाटलीच फुटली तर रोलवर रोल उलगडू नका. आधी चप्पल घाला. मोठे तुकडे उचला, मग तेलावर जुनं बेसन किंवा कणीक पसरा, दहा मिनिटं थांबा, पुठ्ठ्याने खरवडून काढा. शेवटी ओली केलेली शीट घडी घालून फरशीवर दाबत दाबत न्या. झाडूला न सापडणारी काचेची कणी ओल्या कागदाला चिकटते. हाताने घासू मात्र नका, टिपा. तोच कागद पुन्हा दुसरीकडे वापरायचा नाही.

कच्च्या मांसाचं पाणी असेल तर आधी कोरड्या कागदाने टिपा, कागद टाका, मग साबणाच्या पाण्याने ओटा धुवा आणि त्यानंतर जंतुनाशक. घाणीवर थेट फवारा मारून लगेच पुसून टाकला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. बाटलीवर किती मिनिटं ओलं ठेवायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. ब्लीच आणि संडासाचं आम्लाचं क्लीनर एकाच बोळ्यावर कधीच घेऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कागद कुठे नको तेही सांगते. चष्मा, टीव्ही, लॅपटॉप: लाकडाचे तंतू आणि त्यात अडकलेली धूळ यांनी वरच्या लेपावर चरे पडतात. तिथे मायक्रोफायबर. फरशी: पैशांचा चुराडा. गॅसची शेगडी चालू असताना तर नकोच नको. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लाकडी फर्निचरला जवसाचं तेल लावत असाल तर तो तेलाने भिजलेला कागद चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेशी संयोग पावून तापतं, आणि बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडली की काडी न लावता पेट घेऊ शकते. असा कागद उलगडून बाहेर मोकळ्या जागी वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. खाण्याचं शेंगदाणा तेल तसं वागत नाही.

टाकायचा कुठे

वापरलेला किचन पेपर रद्दीत जात नाही. रद्दीवाला घेणार नाही आणि घेतलाच तर पुढचा गठ्ठा नासेल. नुसतं पाणी, चहा, भाजीचा रस टिपलेला कागद ओल्या कचऱ्यात टाका. घरी खताची बादली असेल तर फाडून त्यात घाला, भाजीच्या देठांनी चिकचिक झालेल्या खताला कोरडा कागद मानवतो. तेलाने निथळणारा किंवा फिनेल-ब्लीच लागलेला मात्र खतात नको.

काचेची कणी असलेला कागद वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून वेगळा द्या. उलटी, रक्त, डायपर यांचंही तेच. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची सवय लोकांना लावायचा प्रयत्न केला. कारण साधं आहे, तुमचा डबा पुढे कुणीतरी हाताने निवडतं. वाइप्स कितीही ओले असले तरी ओल्या कचऱ्यात नाहीत, ते कुजत नाहीत.

ठेवायचा कुठे

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडा रोल हवेतलं दमट पाणी पिऊन आधीच अर्धा तृप्त झालेला असतो. ओट्यावर तो कमी टिपतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जास्तीचे रोल पाकिटातच, झाकणाच्या डब्यात ठेवा. सिंकखाली कधीच नाही, तिथे झुरळांची अंडी आणि गळका नळ दोन्ही भेटतात.

भाचीने परवा तिच्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. रोलसाठी भिंतीवर छान स्टीलची दांडी लावली होती, थेट शेगडीच्या वर, हात लांब करायलाही नको इतकी जवळ. मी तिला दांडी काढून सिंकच्या पलीकडे, फ्रिजच्या बाजूला लावायला सांगितली. आणि शेगडीशेजारच्या खिळ्याला पंच्याचं फडकं.